आजोबांची पद्मिनी: भंगार, मारुतीचं इंजिन की मूळ रूप?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याजवळच्या गावी आजोबांची १९८४ ची प्रीमिअर पद्मिनी दहा-बारा वर्षं शेडमध्ये उभी आहे. गावातला मेकॅनिक म्हणतो, इंजिन जाम झालंय, भंगारात घाला. पुण्यातला एक गॅरेजवाला म्हणतो, मारुतीचं इंजिन आणि एसी बसवून देतो, रोज ऑफिसला न्या. आजोबा आता नाहीत, आरसी अजून त्यांच्याच नावावर आहे. गाडी मूळ रूपात रस्त्यावर आणता येईल का आणि आताचं ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) तिला चालेल का?

भंगारात घालू नका, निदान इंजिन जाम आहे एवढ्या कारणावरून तर नाहीच. मारुतीचं इंजिन मात्र अजिबात नको, त्याचं कारण पुढे सांगतो. पण ‘करूनच टाका’ असंही मी आत्ता म्हणणार नाही. ते तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही, गाडीचा पत्रा ठरवेल.

आधी इंजिनाची भीती काढून टाका. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५. ब्लॉक बीडाचा, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, व्हॉल्व्ह पुशरॉडवर. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं आणि लेथवर काम करणाऱ्या चांगल्या टर्नरला करता येतं. बोअर खाल्लं असेल तर रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर थोडं मोठं कोरून, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे, क्रँक घासून अंडरसाइज बेअरिंग बसवायची. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हीच इंजिनं दोन-तीनदा उघडून वर्षानुवर्षं पळवली. जाम इंजिन म्हणजे बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला धरलेल्या असतात, दुसरं काही नाही.

खरी परीक्षा पत्र्याची. पद्मिनीला वेगळी चासी नाही. जमीन, दाराखालचे पोकळ सिल, खांब आणि छत मिळूनच गाडीची ताकद होते, आगपेटीच्या बाहेरच्या खोक्यासारखी. खोक्याची एक बाजू ओली झाली की सगळंच लुळं पडतं. म्हणून सिल सडलेली गाडी वरून कितीही चकचकीत दिसली तरी ती गाडी राहिलेली नसते.

हे तपासायला गॅरेजला न्यायची गरज नाही. गावी जा तेव्हा एक जॅक, एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि फ्रिजला लावतात तसलं हलकं चुंबक बरोबर न्या. पुढचं दार बंद करून दार आणि मागचा खांब यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत नीट बघा, मोबाइलवर फोटो काढा. मग त्याच बाजूला, पुढच्या चाकामागे, जॅक लावायच्या जागी गाडी हळूहळू उचला. चाक जमिनीवरून सुटलं की पुन्हा फट बघा आणि दार उघडून परत लावून बघा. फट तशीच असेल आणि दार पहिल्यासारखं ‘खट’ करून बसत असेल तर गाडीचा कणा शाबूत आहे. फट वरच्या बाजूला मिटली, दार खांबाला घासायला लागलं किंवा जॅकच पत्र्यात घुसायला लागला, तर आतून सगळं गेलंय असं समजा. ही परीक्षा दोन्ही बाजूंनी करा. उभ्या गाडीची एकच बाजू सडते, असं बरेचदा दिसतं, कारण शेडचं पाणी एकाच बाजूला गळत असतं.

चुंबक दारांच्या खालच्या कडेवर, मडगार्डवर आणि सिलवर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. थोडी लांबी प्रत्येक जुन्या गाडीत असते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण हातभर पट्ट्यात चुंबक घसरत असेल तर खाली पत्रा नाही, फक्त लांबी आहे. स्क्रूड्रायव्हर वापरायचा तो पायाखालच्या मॅट उचलून जमिनीवर, बॅटरीच्या ट्रेखाली, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात आणि मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला अडकतात तिथे. हलकेच टोचा, भोसकू नका. ही शेवटची जागा फार महत्त्वाची आहे. पाट्याचा हँगर गंजून बॉडीतून सुटला की मागचा अख्खा अ‍ॅक्सल जागचा हलतो.

गाडी या परीक्षेत पास झाली तर काम करण्यासारखं आहे. नापास झाली तरी अगदीच संपलं असं नाही, पण मग खर्चाचा बहुतांश भाग पत्र्यातच जाईल हे धरून चाला. चांगला डेंटर मिळणं हे चांगला मेकॅनिक मिळण्यापेक्षा कठीण आहे. सडलेला भाग कापून, नवा पत्रा त्याच घडीत वाकवून वेल्डिंग करणारा कारागीर पाहिजे. वरून पत्र्याचा तुकडा ठोकून लांबी फासणारे गल्लोगल्ली आहेत. ठरवण्याआधी त्याने केलेली, निदान दोन पावसाळे काढलेली गाडी बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर पुढच्याकडे जा.

आता मारुतीच्या इंजिनाबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या गाडीत असा मोठा बदल मनाने करता येत नाही, आणि परवानगीशिवाय केलेला बदल पासिंगला आणि अपघातानंतरच्या विम्याला दोन्हीकडे नडतो. पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, खासगी वापराची आणि बॉडी, चासी, इंजिनात मूलभूत बदल न केलेली गाडी त्यात बसते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची. तुमची गाडी १९८४ ची, म्हणजे २०३४ मध्ये ती ५० ची होईल. ते फार लांब नाही. आज मारुतीचं इंजिन टाकून तुम्ही ती वाट कायमची बंद कराल. एक मात्र ध्यानात ठेवा, व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली आणि देखभालीसाठी बाहेर काढता येते. त्यामुळे फिरवायची असेल तर नेहमीची नोंदणी टिकवणं हाच शहाणपणा.

आणि रोज ऑफिसला न्यायला गाडी हवी असेल, तर त्या कामासाठी दुसरी एखादी सेकंडहँड गाडी घ्या. पद्मिनीत एसी, पॉवर विंडो, अलॉय व्हील आणि मेटॅलिक रंग घालून लग्नाच्या वरातीला भाड्याने देणारे मी बघतो. त्यांचा धंदा आहे, माझी तक्रार नाही. पण त्या गाडीत बसल्यावर पद्मिनीत बसल्यासारखं वाटत नाही.

थोडं विषयांतर करतो. फियाटने ११००/१०३ हे मॉडेल १९५३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात आणलं आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने ते कुर्ल्यात बांधायला घेतलं. गोलमटोल नाकाची ती सुरुवातीची गाडी म्हणजे आपली ‘डुक्कर फियाट’. तिची पुढची दारं उलटी, मागच्या बाजूला बिजागरी असलेली. त्यातूनच पुढे सरळ रेषांची ११००डी आली, तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १२,००० ची फियाट घेण्यासाठी ५,००० रुपयांचं बँकेचं कर्ज काढलं होतं, ती याच जातीची. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीची २० वर्षांची मर्यादा भरली तशी ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. तेव्हा तुमच्या शेडमधल्या गाडीला आता थोडी किंमत आहे, पैशात नसली तरी.

पत्रा पास झाला असं धरू. मग गाडी गॅरेजला न्यायची ती टोइंगच्या फ्लॅटबेडवर. दोर बांधून नाही. आणि कृपा करून, ट्रॅक्टरला बांधून गिअरमध्ये ओढून इंजिन सोडवायचा प्रयोग कोणाला करू देऊ नका. गावाकडे हा उपाय हमखास सुचवला जातो. त्यात रिंगा तुटतात, अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो आणि हजाराचं काम पन्नास हजारांवर जातं.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मंनिम्मं मिसळून थोडंथोडं सोडा आणि आठवडाभर गाडीकडे बघूही नका, मध्ये एक-दोनदा भर घातली तर चालेल. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून, एक मागचं चाक जॅकवर घेऊन, दुसऱ्याला भक्कम अडण लावून, उचललेलं चाक हाताने पुढे-मागे हलवा. पुढे-मागे, फक्त पुढे नाही. थोडं जरी सरकलं तरी थांबा, पुन्हा तेल सोडा, दुसऱ्या दिवशी परत या. सुटलं की लगेच सेल्फ मारू नका. आधी इंजिन ऑइल काढून बघा. दुधट असेल तर पाणी आत गेलंय, हेड उघडावंच लागणार. स्वच्छ असेल तर नवं २०डब्ल्यू-४० घाला आणि प्लग न लावताच सेल्फने फिरवून ऑइल प्रेशर येतंय का बघा. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. आकडा किती आला यापेक्षा चारांत फरक किती आहे ते महत्त्वाचं. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढला तर दोष रिंगांत, नाही वाढला तर व्हॉल्व्हमध्ये.

इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक. लोक नेमकं उलटं करतात, कारण इंजिन सुरू झाल्याचा व्हिडिओ काढता येतो. जुन्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आणि एकच हायड्रॉलिक लाइन. म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला. दहा-बारा वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे रबर आणि रबरी होज सरसकट बदला, चांगले दिसत असले तरी. होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो, मग पाय काढल्यावरही एक चाक धरून राहतं. टायरही तसेच. ५.२०-१४ चे टायर नक्षी शाबूत असली तरी वयाने कडक झालेले असतात. ते फक्त गाडी हलवायला वापरा.

पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात त्या किंगपिनला ग्रीस मिळालेलं नसेल तर स्टेअरिंग जड होतं. ग्रीसगनने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबा, निपल बंद असेल तर बदला. कॉलमवरच्या गिअरच्या सळ्यांचे बुश झिजले की पहिला शोधताना रिव्हर्स सापडतो. हे बुश बाजारात शोधत बसू नका, टर्नरकडून नायलॉनचे करून घ्या. वायरिंगचं इन्सुलेशन बहुधा उंदरांनी आणि उन्हाने संपवलं असेल. त्यात जोड देत बसण्यापेक्षा नवं हार्नेस करून घ्या आणि बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा.

आता ई-२०. चालेल, पण पंपावर जाऊन टाकी भरली आणि निघालो, असं चालणार नाही. त्यात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत.

पहिली रबराची. १९८४ चे पेट्रोलचे पाइप, पेट्रोल पंपाचा डायफ्राम, कॉर्कची गॅस्केटं हे सगळं इथेनॉलमध्ये फुगतं किंवा भुगा होतं. इथेनॉल चालणारे पाइप मागून घ्या, नुसता ‘पेट्रोलचा पाइप’ म्हणालात तर साधाच हातात देतील.

दुसरी पाण्याची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली की ओलावा वाढत जाऊन पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. टाकी तिथूनच गंजते आणि गाडी सुरू करताना कार्बोरेटरला पहिलं तेच मिळतं. टाकी खाली उतरवून धुवा, आतून गंज असेल तर रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्या. नंतर गाडी पंधरा दिवसांतून एकदा तरी वीसेक किलोमीटर फिरवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवून ठेवण्याने काही साधत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

तिसरी अडचण कमी लोकांच्या ध्यानात येते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. ई-२० ला साधारण १३.५. नव्या गाड्यांत सेन्सर हे सांभाळून घेतो. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक मात्र तेवढंच राहतं, त्यामुळे मिश्रण आठेक टक्के पातळ होतं. गाडी गरम होते, चढावर दम टाकते, पिकअपला अडखळते. यावर उपाय सोपा आहे. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. आठ टक्के जास्त इंधन हवं तर व्यास चार टक्के वाढवावा लागतो, म्हणजे ११५ असेल तर १२०. नवा जेट टाकून गाडी लांबवर पळवा आणि प्लग काढून बघा. टोक पांढरं तर अजून पातळ, काळी काजळी तर जास्त झालं, बिस्किटी रंग तर बरोबर. जुना जेट तारेने कोरून मोठा करणारा मेकॅनिक भेटला तर जेट त्याच्या हातून काढून घ्या. कोरलेलं भोक गोल राहत नाही आणि नंतर कुठलाच हिशेब लागत नाही.

उन्हाळ्यात खंबाटकी चढताना गाडी अचानक गचके देऊन बंद पडली तर घाबरू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर उडतं, इंजिनाला चिकटून असलेला पंप तापला की त्यात वाफ धरते. ओलं फडकं पंपावर टाका, दहा मिनिटं थांबा, निघा. वरचेवर होत असेल तर पंप आणि इंजिनाच्या मधला जाड बुश तपासा, पाइप सायलेन्सरपासून लांब घ्या. आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी नको, कूलंट घाला. बीडावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड असल्याने साध्या पाण्यात हेडच्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात. मग हेड गॅस्केट कितीही बदला, टिकत नाही.

हेड उघडलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतो त्या कड्या) कडक धातूच्या बसवून घ्या. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. त्याआधी शिसंच व्हॉल्व्हच्या सीटला वाचवत होतं. टॅपेटची फट सारखी कमी होत असेल तर सीट आत चाललीय असं समजा.

इग्निशनच्या पॉइंटमधली फट ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. कंडेन्सर मात्र हल्ली भरवशाचे मिळत नाहीत, नवाच सदोष निघतो. गाडी गरम झाल्यावर मिसिंग करत असेल तर कार्बोरेटर उघडण्याआधी कंडेन्सर बदलून बघा.

कागदपत्रांचं काम गॅरेजच्या कामाबरोबरच सुरू करा, नंतर नाही. मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. तुमची बहुधा गाडी उभी असतानाच संपली असेल, म्हणजे थकीत शुल्क, दंड आणि पर्यावरण कर मिळून रक्कम मोठी होईल. नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्येच ६०० वरून ५,००० वर गेलं, आणि जुन्या गाड्यांना नंतरही वाढलं, तेव्हा आरटीओत चालू दर विचारा. इतक्या जुन्या गाडीची नोंद संगणकावर नसण्याची शक्यता आहे. आधी ती चढवून घ्यावी लागते, तिथेच सगळ्यात जास्त फेऱ्या होतात. दिल्लीतली १५ वर्षांची बंदी महाराष्ट्राला लागू नाही, त्यामुळे ‘पेट्रोल गाडी आपोआप बाद झाली’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत हवा. ट्यूनिंग नीट असलेल्या पद्मिनीला हे जमतं. आणि डेंटरला पहिल्याच दिवशी चासी नंबर कोरलेली जागा दाखवून ठेवा. तिथला पत्रा कापायचा नाही, घासायचा नाही, वर लांबी तर नाहीच. पासिंगला तिथला पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊस. इंजिनाचे, ब्रेकचे, क्लचचे पार्ट अजून मिळतात, इतक्या टॅक्सी होत्या की साठा संपता संपत नाही. मिळत नाहीत ते दिसण्याचे पार्ट: क्रोमची जाळी, बंपर, मूळ स्टेअरिंगचं हॉर्नचं बटन, दारांच्या काचांभोवतीच्या पट्ट्या. यातलं काही तुमच्या गाडीवर शाबूत असेल तर डेंटरकडे गाडी देण्याआधी स्वतः काढून, नावाच्या चिठ्ठ्या लावून घरी ठेवा. गॅरेजमध्ये या वस्तू हरवतात, कोणी मुद्दाम नेतं असं नाही, पण हरवतात. मागची आणि पुढची काच मात्र स्वतः काढायला जाऊ नका. रबर कडक झालेलं असतं, ते आधी ब्लेडने कापून काढायचं, काचेला रेटा द्यायचा नाही. रबर नवं मिळतं.